झपाटलेल्या प्रेमाचे सहा शनिवार: दादरच्या फ्रेंच चित्रपट मालिकेचं परीक्षण

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत १० मिनिटांवर, एका जुन्या संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात एका फिल्म सोसायटीनं सलग सहा शनिवार सहा फ्रेंच चित्रपट दाखवले. विषय एकच, झपाटलेलं प्रेम. सहा खेळांचे मिळून ९०० रुपये, सुट्या खेळाचे २००. हीच मालिका पुन्हा होणार आहे. तेव्हा जायचं का, कुठे बसायचं, कुठला खेळ चुकवू नये आणि कुठे काय बिघडलं ते इथे लिहितो आहोत. निवड उत्तम आहे. दोन चित्रपटांना सोसायटीनं स्वतः केलेली मराठी सबटायटल्स तर इतकी चांगली आहेत की तेवढ्यासाठीही जावं. प्रक्षेपण मात्र अर्ध्याहून जास्त खेळांत कच्चं होतं, आणि प्रत्येक वेळी चूक टाळता येण्यासारखी होती.

प्रक्षेपणाबद्दल इतकं बारकाईनं बोलण्याचं कारण या चित्रपटांतच आहे. प्रेमानं पछाडलेला माणूस किती अंतरावर उभा आहे, किती वेळ बघतो आहे, मध्ये काच आहे की कुंपण, यावर इथे सगळं चालतं. फ्रेमची कड कापली गेली, काळोख करडा झाला, सूर चढला, तरी गोष्ट कळतेच. पण छातीवर जे दडपण यायला हवं ते येत नाही, आणि मग प्रेक्षक म्हणतात, ‘बरा आहे, पण संथ आहे.’

पहिला शनिवार मॅक्स ओफ्युल्स यांच्या १९५३ च्या ‘मादाम द...’चा. सहाही खेळांत हा सर्वांत नेटका झाला. कर्जात बुडालेली एक उच्चभ्रू बाई नवऱ्यानं लग्नात दिलेली हिऱ्यांची कर्णफुलं गुपचूप सराफाला विकते. सराफ ती नवऱ्यालाच परत विकतो, नवरा ती आपल्या निघून चाललेल्या प्रेयसीला देतो, ती जुगारात घालवते, आणि फिरत फिरत ती एका इटालियन मुत्सद्द्याच्या हाती येतात. तो ती याच बाईला प्रेमानं भेट देतो. सुरुवातीला जी वस्तू विकताना तिचा हात अडखळला नाही, तीच आता तिच्या जिवाची होते. चित्रपट सुरू होतो तोच हातांवर. दागिने, फरचे कोट, टोप्या यांच्यावरून फिरणारे दानिएल दारियू यांचे हात आधी दिसतात, चेहरा नंतर, तोही आरशात. माणसाआधी वस्तू भेटते आणि पुढचा सगळा चित्रपट त्या वस्तूमागे धावतो.

हा चित्रपट १.३७ प्रमाणाचा, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट, जवळजवळ चौकोनी. सभागृहाचा पडदा १० फूट रुंद आणि ५.६ फूट उंच, आजच्या टीव्हीच्या आकाराचा. त्यावर हे चित्र ७.७ फूट रुंद पडायला हवं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहायला हव्यात. मुंबईत बऱ्याच ठिकाणी ‘पडदा भरत नाही’ म्हणून चित्र ताणतात किंवा फुगवतात. फुगवलं तर वरखालचं मिळून २३ टक्के चित्र जातं. इथे आयोजकांनी पट्ट्या राहू दिल्या आणि सुरुवातीलाच दोन वाक्यांत त्याचं कारणही सांगितलं. प्रोजेक्टरमधली ‘मोशन स्मूदिंग’ची सोयही बंद ठेवली होती. ओफ्युल्स यांचा कॅमेरा सतत सरकत असतो. ही सोय चालू राहिली तर दोन फ्रेमांच्या मध्ये यंत्र स्वतःच्या मनानं फ्रेमा भरतं आणि नाचाचा तो प्रसिद्ध प्रसंग टीव्हीवरच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. त्या प्रसंगात अनेक रात्रींचे नाच एकाच वॉल्ट्झमध्ये विरघळत जातात आणि बाई व मुत्सद्दी या दोघांच्या भेटींमधले दिवस कमी कमी होत जातात. शेवटी दिवे विझतात, वादक घरी निघतात, हे दोघं नाचतच असतात.

आता सबटायटल्स. या बाईच्या तोंडी चित्रपटातलं सर्वांत गाजलेलं वाक्य आहे: ‘ज न वू एम पा.’ दार लोटताना ती ते पुन्हा पुन्हा म्हणते आणि प्रत्येक वेळी अर्थ उलटा होत जातो. इंग्रजीत त्याचं ‘आय डोन्ट लव्ह यू’ होतं आणि त्यातला ‘वू’ नाहीसा होतो. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ म्हणजे आपलं तू, ‘वू’ म्हणजे तुम्ही. या घरात नवराबायकोही एकमेकांना ‘वू’ म्हणतात. मराठी सबटायटलमध्ये होतं: ‘माझं तुमच्यावर प्रेम नाही.’ बस. एका ‘तुमच्यावर’नं अख्खा समाज, त्याचं सोवळं आणि त्या बाईचा गळ्याशी आलेला जीव, सगळं पडद्यावर आलं. फ्रेंच चित्रपट इंग्रजीतून वाचायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की आपल्या भाषेत हा भेद आयता तयार आहे हेच लक्षात येत नाही. ज्यांनी हे काम केलं त्यांनी मूळ फ्रेंच संवाद समोर ठेवून केलं आहे, हे ओळीओळीत दिसतं. सोसायटीनं पत्रकात त्यांची नावं छापायला हवी होती.

तांत्रिक बाजूही चांगली होती. देवनागरी सबटायटल्समध्ये तीन गोष्टी हमखास फसतात. फाइल युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत जतन केलेली नसेल तर अक्षरांऐवजी चौकोन येतात. काही प्लेअर जोडाक्षरं जोडत नाहीत, मग ‘प्रेम’चं ‘प्‌रेम’ होतं आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. तिसरी अडचण ओळींमधल्या जागेची. रोमन लिपीसाठी ठरवलेल्या अंतरात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सबटायटल्स आधीच चित्रावर कायमची उमटवून वेगळी प्रत तयार करणं, म्हणजे प्लेअर कुठलाही असो, अक्षरं तशीच राहतात. इथे तेच केलं होतं. एका वेळी दोनच ओळी, प्रत्येक ओळ वाचायला पुरेसा वेळ, आणि अक्षराची उंची पडद्याच्या उंचीच्या साधारण विसाव्या भागाइतकी. शेवटच्या रांगेतूनही वाचता येत होतं.

दुसऱ्या शनिवारी फ्रांस्वा त्रुफो यांचा १९७५ चा ‘ॲदेल एच.ची कथा’. व्हिक्टर ह्यूगो यांची धाकटी मुलगी ॲदेल लेफ्टनंट पिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या मागे समुद्र ओलांडून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला जाते. त्याला ती नको आहे. तो तसं तोंडावर सांगतो. तिच्यावर परिणाम शून्य. ती घरी पत्रानं कळवते की आमचं लग्न झालं. संमोहनानं त्याला लग्नाला उभं करता येईल का याची चौकशी करते. त्याच्याकडे दुसरी बाई पाठवून तिचे पैसेसुद्धा स्वतः देते. त्या वेळची खरी ॲदेल तिशी ओलांडलेली होती. इझाबेल अजानी तेव्हा जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर, आणि या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळवणारी त्या काळातली सर्वांत तरुण प्रमुख अभिनेत्री ठरली. वयाचा हा फरक चित्रपटाला नुकसानीचा नाही. उलट इतक्या कोवळ्या चेहऱ्यावर इतका म्हातारा हट्ट बघताना जास्त भीती वाटते.

जवळून बघावी अशी गोष्ट म्हणजे कागद. ॲदेल पुस्तकांच्या दुकानातून कागदाची रिमं नेते आणि रात्रभर लिहीत बसते. दुकानदाराचं तिच्यावर मन जडलेलं असतं. तो एकदा तिला भेट म्हणून तिच्या वडिलांचंच पुस्तक देतो आणि ती संतापते. त्या बिचाऱ्याला कळतच नाही आपलं काय चुकलं. एकतर्फी प्रेमात बुडालेल्या बाईला दुसऱ्याचं एकतर्फी प्रेम दिसत नाही, हे त्रुफो एका छोट्या प्रसंगात सांगून पुढे जातात. नेस्तोर आल्मेन्द्रोस यांच्या छायाचित्रणात खोल्या दिव्याच्या उजेडाइतक्याच उजळलेल्या आहेत. संगीत मोरिस जोबेर यांचं. ते १९४० मध्ये युद्धात मारले गेले होते. त्रुफो यांनी त्यांच्या १९३० च्या दशकातल्या रचना इथे वापरल्या. शेवटाकडे बार्बाडोसच्या रस्त्यावर पिन्सन स्वतःहून तिच्यासमोर येतो आणि ती त्याला न ओळखता पुढे निघून जाते. ज्याच्यासाठी अर्धं जग ओलांडलं, त्या माणसाची आता त्या प्रेमाला गरजच उरलेली नसते. खरी ॲदेल त्यानंतरही दशकानुदशकं उपचारगृहात जगली, १९१५ पर्यंत.

या खेळात सबटायटल्स सरकली. इंग्रजी फाइल सेकंदाला २४ फ्रेमांच्या हिशेबाची आणि चित्रपटाची प्रत २३.९७६ ची. फरक हजारात एक, म्हणजे तासाला ३.६ सेकंद. सुरुवातीला कोणाच्या लक्षात येत नाही. दीड तासानंतर वाक्य बोलण्याआधी पाच सेकंद पडद्यावर उमटतं. ॲदेल पत्रात खोटं लिहिते, आणि तिचा आवाज येण्याआधीच आपण ते खोटं वाचून मोकळे झालेलो असतो. ऑपरेटर दर १५ मिनिटांनी उशीर वाढवत राहिला. तो मार्ग इथे चालत नाही, कारण स्थिर उशिरानं फक्त स्थिर फरक भरून निघतो आणि हा फरक वाढता आहे. फाइलचा फ्रेम-रेट बदलून ती नव्याने जतन करायची, सबटायटल दुरुस्त करायच्या कुठल्याही मोफत प्रोग्रॅममध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे. तपासायची सोपी पद्धत: खेळाआधी पहिला संवाद आणि शेवटचा संवाद, दोन्ही चालवून बघावेत. पहिला जुळला आणि शेवटचा चुकला तर फ्रेम-रेटची भानगड. दोन्ही सारखेच चुकले तर साधा उशीर लावून भागतं.

‘शेजारची बाई’, मूळ नाव ‘ला फाम दा कोते’, १९८१, पुन्हा त्रुफो. ग्रनोब्लजवळच्या गावात बेर्नार बायकोमुलासह सुखात राहतो आहे. समोरच्या घरात नवं जोडपं राहायला येतं आणि त्यातली बायको मातिल्द ही त्याची आठेक वर्षांपूर्वीची प्रेयसी निघते. बेर्नार जेरार द्पार्दिए, मातिल्द फानी आर्दाँ. त्याची नोकरीही बघण्यासारखी आहे: मोठ्या तेलवाहू जहाजांच्या कप्तानांना तळ्यात छोट्या प्रतिकृती चालवून शिकवायचं. प्रौढ माणसं खेळण्यातल्या जहाजांत बसून गंभीर चेहऱ्यानं वळणं घेत असतात.

या चित्रपटाची मराठी सबटायटल्स या मालिकेचा कळस. दोघं जोडीदारांसमोर अनोळखी असल्यासारखं ‘तुम्ही’ म्हणतात, एकटे सापडले की ‘तू’. मराठी वाचताना प्रत्येक बदल टोचतो. सुपरमार्केटच्या वाहनतळात ते पहिल्यांदा जवळ येतात आणि मातिल्द बेशुद्ध पडते, तिथपर्यंत पोचताना आपण दोघांची सर्वनामं मोजायला लागलेलो असतो.

नेमका हाच खेळ चित्राच्या बाबतीत वाईट झाला. चित्रपट १.६६ प्रमाणाचा. तो टीव्हीच्या १.७८ आकारात भरण्यासाठी कोणीतरी झूमचं बटण दाबलं आणि वरखालचं मिळून सुमारे ७ टक्के चित्र कापलं गेलं. ७ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण उंच आर्दाँचं कपाळ अनेक क्लोज-अपमध्ये छाटलं गेलं. सुरुवातीला टेनिस क्लबच्या मादाम जूव्ह थेट आपल्याशी बोलतात. त्या म्हणतात, तुम्हाला वाटेल मी टेनिस खेळते, आणि मग कॅमेऱ्याला मागे जायला सांगतात. तो मागे गेल्यावर त्यांचा अधू पाय दिसतो. प्रेमासाठी त्यांनी कधीकाळी खिडकीतून उडी मारलेली असते. पुढे काय होणार याची पहिली सूचना त्या पायात आहे. फ्रेमच्या खालच्या बाजूला महत्त्वाची गोष्ट असलेल्या शॉटवर झूम लावणं म्हणजे दिग्दर्शकानं उघडलेलं दार अर्धं लावून घेणं. उपाय एवढाच: प्रोजेक्टर आणि प्लेअर, दोन्हींच्या सेटिंगमध्ये आकार ‘ओरिजिनल’ ठेवायचा. एकात नीट आणि दुसऱ्यात झूम असं बऱ्याचदा होतं, आणि ऑपरेटर फक्त एकच तपासतो.

चौथ्या शनिवारी ज्याँ-जाक बेनेक्स यांचा १९८६ चा चित्रपट, ज्याला जग ‘बेटी ब्लू’ म्हणून ओळखतं. मूळ फ्रेंच नाव ‘सकाळी ३७.२ अंश’. गर्भवतीच्या शरीराचं सकाळचं तापमान, असा त्याचा खुलासा करतात. इंग्रजी नावात तो अर्थ पूर्ण पुसला गेला, म्हणून मूळ नाव माहीत असलेलं बरं. बेटी आणि झॉर्ग, बेआत्रिस दाल आणि ज्याँ-ह्यूग आँग्लाद. त्याच्या जुन्या वह्या तिच्या हाती लागतात, तो मोठा लेखक आहे असं ती ठरवून टाकते आणि अख्खी कादंबरी एकेक अक्षर शोधत टाइप करते. त्याच्या लिखाणावर तिचा जेवढा विश्वास आहे तेवढा त्याचाही नाही, आणि त्या विश्वासातच तिच्या ढासळण्याची सुरुवात आहे.

याच्या दोन आवृत्त्या आहेत, सुमारे १२० मिनिटांची आणि १८५ मिनिटांची. सोसायटीनं लांब आवृत्ती दाखवली, हे योग्यच. छोट्या आवृत्तीत बेटी एका स्फोटाकडून दुसऱ्या स्फोटाकडे उडी मारते आणि ‘वेडी पोरगी’ एवढीच उरते. लांब आवृत्तीत मधले रिकामे दिवस आहेत, विनोद आहे, झॉर्गचा दुबळेपणा आहे. दोघांचं एकमेकांत गुंतत जाणं त्या रिकाम्या दिवसांतच दिसतं. सुरुवातीचा लांबलचक शय्येचा शॉट न गाळता दाखवला, प्रवेश १८ वर्षांवरच्यांनाच होता, दाराशी ओळखपत्र पाहत होते. शेवटचा अर्धा तास जड आहे. स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग ज्यांना सोसवत नाहीत त्यांनी हा खेळ टाळावा. पत्रकात तशी सूचना नव्हती, पुढच्या वेळी असावी.

मध्यंतर मात्र चुकीच्या जागी घेतलं. तीन तासांच्या चित्रपटाला मध्यंतर हवंच, मुंबईत चहाशिवाय तीन तास कोण बसणार! पण घड्याळ बघून ९० व्या मिनिटाला चालू वाक्यावर दिवे लावायचं कारण नव्हतं. दोघं पॅरिस सोडून छोट्या गावातल्या पियानोच्या दुकानात राहायला जातात, ती जागा नैसर्गिक आहे. तिथे जागा बदलते, प्रकाश बदलतो, गॅब्रिएल यारेद यांचं संगीतही पियानोकडे वळतं. उरलेल्या पाच चित्रपटांना मध्यंतर दिलं नाही, याबद्दल आयोजकांचे आभार. ८० ते १०६ मिनिटांचे चित्रपट सलगच बघायचे असतात.

पाचवा, पात्रिस लकाँत यांचा ‘मस्यो ईर’, १९८९. मालिकेतला सर्वांत छोटा, सुमारे ८० मिनिटांचा, आणि सर्वांत अंधारा. शेजाऱ्यांना नकोसा असलेला ईर हा एकटा शिंपी रोज रात्री दिवा मालवून समोरच्या खिडकीतल्या आलीसला बघत उभा राहतो. बघताना दर वेळी एकच रेकॉर्ड लावतो, ब्राम्सचं पियानो क्वार्टेट. एका रात्री वीज चमकते आणि तिला तो दिसतो. सगळा चित्रपट त्या एका लखलखाटावर उभा आहे. नंतर जिन्यात तिच्या पिशवीतले टोमॅटो घरंगळत त्याच्या दारापर्यंत येतात. तेवढ्या प्रसंगात मिशेल ब्लाँ यांचा चेहरा जराही हलत नाही आणि तरी सगळं कळतं.

त्या विजेसाठी आधीचा काळोख खरोखर काळा असावा लागतो. सभागृहाच्या पश्चिमेकडच्या पडद्यांच्या फटींतून रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड येत होता, आणि प्रोजेक्टर सर्वांत उजळ मोडवर होता. जास्त ल्युमेन, म्हणजे प्रोजेक्टरचा जास्त उजेड, की जास्त चांगलं चित्र, हा समज इथे घात करतो. चित्रपटगृहातल्या पडद्याच्या उजळपणाचं प्रमाण ४८ कँडेला प्रति चौरस मीटर आहे. ५६ चौरस फुटांच्या साध्या पांढऱ्या पडद्याला त्यासाठी पडद्यावर पोचणारे ८०० ल्युमेन पुरतात. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पूर्ण ताकदीनं चालवला की पांढरं डोळ्यांवर येतं आणि त्याबरोबर काळंही उजळून राखाडी होतं. ‘सिनेमा’ मोड, इको दिवा, खिडक्यांना कापडामागे काळा प्लायवुड किंवा दुहेरी जाड पडदा, एवढं केलं असतं तर ईर अंधारात हरवला असता आणि वीज अंगावर आली असती. शिवाय हा चित्रपट २.३५ प्रमाणाचा, म्हणजे चित्राची उंची फक्त ४.२५ फूट. सबटायटल्स खालच्या काळ्या पट्टीत टाकली होती आणि सभागृहाला उतार नाही. चौथ्या रांगेपासून मागे पुढच्यांची डोकीच वाचायला मिळाली. रुंद चित्रपटात सबटायटल्स चित्राच्या आत घ्यावीत, किंवा चित्र पडद्यावर वर सरकवावं.

शेवटचा क्लोद सोते यांचा १९९२ चा ‘हिवाळ्यातलं हृदय’. दुरुस्तीच्या दुकानातला व्हायोलिन-कारागीर स्तेफान, त्याचा भागीदार माक्सीम, आणि माक्सीमची प्रेयसी व्हायोलिनवादक कामीय (एमान्युएल बेआर). स्तेफान तिला स्वतःकडे ओढून घेतो आणि ती पूर्ण वाहून गेल्यावर शांतपणे सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम नाही. झपाटणारी ती, आणि ज्यानं झपाटलं त्याच्या आत काही हलतं की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही. व्हायोलिनच्या पोटात दोन फळ्यांच्या मध्ये एक छोटी लाकडी खुंटी असते. ती केसभर सरकली तरी सूर बदलतो. फ्रेंचमध्ये तिला ‘आम’ म्हणतात, म्हणजे आत्मा. वाद्याचा आत्मा केसभर सरकवणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत काय करतो ते दान्येल ओतय यांच्या हातांकडे बघत राहिलं तर समजतं.

चित्रपटभर राव्हेलचं संगीत आहे, मुख्यतः १९१४ चं पियानो ट्रायो. आणि नेमकी हीच प्रत युरोपातल्या जुन्या डीव्हीडीची होती. त्या डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमांनी चालतात, चित्रपट २४ नी घेतलेला असतो. सगळं ४ टक्के वेगानं धावतं आणि सूर पाऊण अर्धस्वरानं चढतो. ए मायनरमधलं ट्रायो, म्हणजे पेटीच्या पांढरी सहाचं, काळी पाचच्या जवळ जाऊन बसतं. तालमीत तानपुरा जुळवणाऱ्या माणसाला हे पहिल्या मिनिटाला खुपतं. इतरांना फक्त एवढंच जाणवतं की वादन जरा तीक्ष्ण आणि घाईचं आहे, बेआर यांचा आवाज बारीक वाटतो. ओळखायची खूण सोपी आहे: १०५ मिनिटांचा चित्रपट प्लेअरवर १०१ मिनिटांचा दिसला की ही गडबड आहे. ब्लू-रे वापरावी, किंवा प्रत २४ वर आणून आवाज मूळ पट्टीत उतरवून घ्यावा.

पत्रकाबद्दल. दर शनिवारी एक पानी मराठी टिपण मिळतं, माहिती बरोबर असते. पण सहाही चित्रपटांना ‘वेडं प्रेम’ हा एकच शिक्का मारला आहे. मराठीत यासाठी शब्दांची कमी नाही. ॲदेलचा ध्यास आहे. मादाम जिच्यापायी उद्ध्वस्त होते ती आसक्ती, आणि ती आधी वस्तूत रुजते. ईरला लागलेली असते ती टक. बेटीचं खरोखरचं झपाटलेपण. शब्द वेगळे वापरले असते तर हे चित्रपट एकमेकांशेजारी का ठेवले हे वाचकाला आपोआप उमगलं असतं.

एक मोठी उणीव निवडीत जाणवते. झपाटलेल्या प्रेमाचं सर्वांत ओळखीचं रूप म्हणजे संशय, आणि तो कुठेच नाही. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ची मुळं इंग्रजी नाटकामार्गे मोलिएरपर्यंत जातात, तेव्हा आपण त्या फ्रेंच संशयावर पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो आहोत. क्लोद शाब्रोल यांचा १९९४ चा ‘लाँफेर’ हाच संशय हसू काढून घेऊन दाखवतो. हॉटेल चालवणारा नवरा बायकोवर नजर ठेवता ठेवता कोसळत जातो. पटकथा आँरी-जॉर्ज क्लूझो यांची, त्यांनी १९६४ मध्ये सुरू केलेला चित्रपट अर्धवट राहिला होता. शाब्रोल यांच्या चित्रपटाच्या शेवटी ‘समाप्त’च्या जागी ‘सां फँ’ येतं, अंत नाही. सातवा शनिवार यासाठी ठेवावा.

सभागृहाचं बाकी सगळं थोडक्यात. लिफ्ट नाही, जिना उंच. खुर्च्या प्लास्टिकच्या, दीड तासानंतर पाठ बोलते, छोटी उशी न्यावी. एसी चालू असला की आवाज येतो, पण बंद केला तर खिडक्या उघडाव्या लागतात आणि हॉर्न आत येतात, तेव्हा एसीच बरा. आवाज दोन स्पीकरवर, संवाद स्वच्छ, फक्त मोठ्या आवाजात ब्राम्स थोडा फाटत होता. चहा १५ रुपये, बटाटेवडा ताजा, खाणं आत नेऊ देत नाहीत, हे फार बरं. साडेसहाला दिवे मालवतात आणि ६:४० ला दार बंद होतं. शनिवारी लोकल रखडल्या तरी सवलत नाही.

दुसऱ्या फेरीतही सुरुवात ‘मादाम द...’नंच आहे. जागांना क्रमांक नाहीत. १० फुटी पडद्याला १५ ते २० फुटांचं अंतर चांगलं, म्हणजे तिसरी आणि चौथी रांग. त्यातही तिसरी घ्यावी आणि मधल्या वाटेच्या डावीकडची कड पकडावी, समोर डोकं येत नाही. सव्वासहाला पोचलात तर त्या खुर्च्या रिकाम्या असतात.